बाळंतविड्याची घाई नको

अगं, सातवा लागला म्हणून लगेच मेन रोडवरून पिशव्या भरभरून आणू नकोस. मी पहिल्या वेळी झिरो साइजची डझनभर झबली घेतली. निम्मी घडीसुद्धा न मोडता लहान झाली. चार-पाच पुरेत, तीही समोरून बंदांची.

पैसे घालायचे तर लंगोटांत घाल. दिवसाला दहा-बारा सहज ओले होतात, म्हणून दोन-अडीच डझन हवेतच. त्यातले निम्मे आईच्या जुन्या सुती साडीचे शिव, दुकानातल्या कुठल्याही कापडापेक्षा मऊ. नवं असेल ते आधी धुऊन उन्हात वाळव. डायपरचं लहान पाकीट फक्त रात्रीसाठी.

तुझी तारीख डिसेंबरची. नाशिकची थंडी तुला ठाऊक आहे, पारा १० अंशांखाली जातो. टोपडी, मोजे, दोन जाड दुपटी ठेव. पण झोपलेल्या बाळावर गोधड्यांचा ढीग नको, उशीही नको.

डिजिटल थर्मामीटर मात्र घेच. ताप १००.४ फॅरनहाइट झाला की थेट डॉक्टर. पावडर, काजळ, बाटली यादीतून काट. सासूबाई काजळासाठी रुसतील, तर तीट तळपायाला लाव म्हणावं. नाळेला काही लावायचं नाही, कोरडी ठेवायची.

पाळणा? माझा माळ्यावर पडलाय, घेऊन जा.