मोदकांसाठी नारळ खवून कोपर दुखतंय, काय करू?

हा टेनिस एल्बो वाटतो. नावावर जाऊ नका. आडाळ्यावर रोज दहा-बारा नारळ खवले तरी होतो. गणपतीच्या ऑर्डरी संपल्यापासून कोपराची बाहेरची बाजू ठणकते, चहाचा कप उचलतानाही कळ येते, असं तुम्ही लिहिलंय. मनगट मागे उचलणारे स्नायू तिथल्याच हाडाला कंडरेने जोडलेले असतात. वाटी घट्ट धरून मनगट सारखं फिरवलं की ती कंडरा खराब होते.

आमच्याकडे आधी खोबरेल चोळतात. बरं वाटतं, पण तेवढ्याने भागत नाही. खवणं काही आठवडे दुसऱ्याकडे सोपवा. हात टेबलावर ठेवा, तळवा खाली, मनगट कडेबाहेर. अर्ध्या लिटरची भरलेली बाटली धरा, दुसऱ्या हाताने मनगट वर न्या आणि दुखऱ्या हाताने अगदी सावकाश खाली सोडा. 10-15 वेळा, रोज. किंचित दुखलं तर चालतं. कळ वाढली तर पाणी कमी करा.

स्टिरॉइडच्या इंजेक्शनने लगेच आराम पडतो, पण दुखणं उलटण्याची शक्यता असते. मी तरी घाई करणार नाही. बहुतेकांचं वर्षभरात बरं होतं. करंगळीला मुंग्या येत असतील तर मात्र नसेचा प्रश्न असू शकतो, डॉक्टरांना दाखवा.