वसाहतवादी की वसाहतकार?

प्रश्न असा आलाय की एका अनुवादात "१७७६ साली वसाहतवाद्यांनी ब्रिटिश साम्राज्यापासून स्वातंत्र्य मागितलं" असं वाक्य आहे, ते बरोबर का? वसाहतवादी म्हणजे तर राज्य करणारे, ते कशाला स्वातंत्र्य मागतील?

बरोबर खटकलंय तुम्हाला. इंग्रजीतल्या कॉलनिस्टला तिथे वसाहतवादी केलंय, ते चुकलंय. वसाहतवादी म्हणजे दुसऱ्याचा देश ताब्यात ठेवावा असं मानणारा. वसाहतीत जाऊन राहिलेला माणूस तो वसाहतकार, फार तर वसाहतवासी.

गोंधळ मुळात वसाहत या शब्दाचाच आहे. पोलीस वसाहत, औद्योगिक वसाहत म्हणतो तेव्हा मुद्दाम वसवलेली जागा असा साधा अर्थ असतो, आणि हे वाक्य ज्यांच्याबद्दल आहे त्या अमेरिकेतल्या ब्रिटिशांच्या तेरा वसाहती अगदी तशाच होत्या (आधीपासून तिथे राहणाऱ्यांची जमीन घेऊन वसवलेल्या, हे या शब्दात दिसत नाही). भारतालाही आपण ब्रिटिशांची वसाहत म्हणतो पण इथे ते वसायला नाही, वसुलीला आले होते, त्यामुळे आपल्या कानाला वसाहत म्हणजे परक्यांनी जिंकलेला देश असंच वाटतं.

तिथे अमेरिकेत मामला परक्यांचा नव्हताच. बरेचसे वसाहतकार स्वतःला इंग्रजच समजायचे आणि भांडण तेच होतं, की आम्ही इंग्रज आहोत ना, मग पार्लमेंटमध्ये आमचा एकही माणूस नसताना आमच्यावर कर कसा लावता? १७६३ ला फ्रान्सबरोबरचं युद्ध संपलं, ब्रिटनवर कर्जाचा डोंगर, शिवाय अमेरिकेत ठेवलेल्या फौजेचा खर्च, म्हणून १७६५ ला कागदपत्रांवर कर लावणारा स्टॅम्प कायदा आणला. आपल्याला स्टॅम्प पेपर म्हटलं की कोर्ट आणि घराचं ॲग्रीमेंट आठवतं, यांनी वर्तमानपत्रं आणि पत्त्यांचे कॅटसुद्धा सोडले नाहीत! इतका आरडाओरडा झाला की पुढच्या वर्षी तो मागे घ्यावा लागला, पण त्याच दिवसांत पार्लमेंटने दुसरा कायदा करून ठणकावलं की वसाहतींसाठी वाट्टेल तो कायदा करायचा अधिकार आम्हाला आहेच.

चहाचं तर अजून गंमतीशीर. १७७३ च्या कायद्याने चहा उलट स्वस्त होणार होता, पण पौंडामागे तीन पेन्सचा जुना कर तसाच ठेवला होता, म्हणजे स्वस्त चहा घेतला की कर मान्य केल्यासारखंच, शिवाय तिथल्या व्यापाऱ्यांचा धंदा बसणार तो वेगळाच. म्हणून बोस्टन बंदरात वसाहतकारांनी चहाच्या ३४२ पेट्या फेकल्या समुद्रात. माल आपल्या ओळखीच्या ईस्ट इंडिया कंपनीचा, पण चहा चीनचा हां, आसामचा नाही, तो फार नंतर आला.

आता "स्वातंत्र्य मागितलं" बद्दल. मागत होते ते हक्क. १७७५ च्या एप्रिलमध्ये ब्रिटिश फौजेशी गोळीबार सुरू झाल्यावरही जुलैत त्यांनी राजाला समेटाचा अर्ज पाठवला होता, राजाने तो धुडकावला. स्वातंत्र्य आलं ते वर्षभराने, आणि तेही मागितलं नाही, जाहीर केलं.

सगळे वसाहतकार त्यात नव्हते हेही लक्षात घ्या, राजाच्या बाजूचे पुष्कळ होते आणि त्यातले हजारो नंतर कॅनडाला निघून गेले. म्हणून मी तरी ते वाक्य असं करेन: "१७७६ साली तेरा वसाहतींनी ब्रिटनपासून स्वतंत्र झाल्याचं जाहीर केलं." वसाहतवादीही नको आणि वसाहतकारही नको.