वाचकांचे प्रश्न : फुटणारी अक्षरे, रिॲक्टची घाई आणि शोधनिबंधांचा ढीग

प्रश्न : एआय मॉडेलचे उत्तर जसजसे येईल तसतसे दाखवणारे चॅटचे पान तयार केले आहे. इंग्रजी उत्तर व्यवस्थित दिसते, मराठीत मात्र शब्दाच्या मधेच काळ्या चौकोनातली प्रश्नचिन्हे उमटतात. तीन फॉन्ट बदलून पाहिले. – एक वाचक, नांदेड

उत्तर : फॉन्टला हात लावू नका, दोष तिथे नाही. यूटीएफ-८ म्हणजे अक्षरे बाइटांत साठवायची पद्धत; तिच्यात इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरीतल्या प्रत्येक चिन्हाला तीन. ‘म’ म्हणजे २२४, १६४, १७४. सर्व्हरकडून येणारा मजकूर नेटवर्कवर कुठेही तुटतो, त्याला अक्षराची हद्द कळत नाही. समजा एका तुकड्याच्या शेवटी २२४, १६४ आले आणि १७४ पुढच्या तुकड्यात गेला. प्रत्येक तुकडा सुटासुटा वाचला, तर पहिल्या दोन बाइटांचे एक प्रश्नचिन्ह होते आणि उरलेल्या एकाचे दुसरे. एका ‘म’ची दोन प्रश्नचिन्हे! इंग्रजीत हा घोळ दिसत नाही, कारण एक बाइट आणखी तुटणार कुठे?

उपाय दोन ओळींचा आहे. टेक्स्टडिकोडर (बाइटांची अक्षरे करणारे ब्राउझरमधले साधन) तुकडे वाचणाऱ्या लूपच्या बाहेर एकदाच तयार करा आणि दर वेळी डिकोड करताना ‘स्ट्रीम : ट्रू’ हा पर्याय द्या. मग अर्धवट राहिलेले बाइट तो स्वतःजवळ धरून ठेवतो आणि पुढच्या तुकड्याला जोडतो. बहुतेकांचे इथेच चुकते : पर्याय दिलेला असतो, पण डिकोडर लूपच्या आत असतो. दर फेरीला नवा डिकोडर आला की आधीच्याने धरून ठेवलेले बाइट गेलेच. सगळे तुकडे संपल्यावर डिकोड एकदा काहीही न देता बोलवा, म्हणजे धरून ठेवलेले काही उरले असेल तर तेही बाहेर येईल.

उत्तर ‘डेटा :’ अशा ओळींतून येत असेल, तर ओळही मधेच तुटू शकते. ओळ पूर्ण होईपर्यंत उरलेला भाग जपून ठेवा, नाहीतर त्या ओळीतला जेसन (माहिती पाठवायचा ठरावीक मांडणीचा मजकूर) अर्धाच वाचला जाऊन त्रुटी येईल, तीही कधीतरीच. आपल्या संगणकावर छोटे उत्तर अनेकदा एकाच तुकड्यात येते, म्हणून हे दोष घरी लपतात आणि वापरणाऱ्याकडे दिसतात. खात्री करण्यासाठी एका मराठी परिच्छेदाचे बाइट करून डिकोडरला एकेक बाइट भरवा. तरीही मजकूर अखंड आला, तर काम झाले.

एक मात्र दोष समजू नका : ‘क्ष’ येताना क्षणभर ‘क्’ दिसतो आणि मग जोडाक्षर बनते. पुढचे चिन्ह यायचे असते, एवढेच. अक्षरमर्यादा मोजतानाही हे ध्यानात ठेवा. ‘नमस्कार’ची लांबी जावास्क्रिप्ट ७ सांगते, डोळ्यांना अक्षरे ४ दिसतात. डोळ्यांना दिसणारी अक्षरे मोजायला जावास्क्रिप्टमधला इंटल सेगमेंटर (Intl.Segmenter) वापरा, पण जुन्या ब्राउझरांत तो ‘स्का’चे दोन तुकडे करून ५ सांगतो. २०२३ च्या युनिकोड १५.१ (अक्षरांच्या जागतिक मानकाची आवृत्ती) मध्ये जोडाक्षर एकत्र ठेवणारा नियम आला.

प्रश्न : वेब पाने बनवायला शिकायचे आहे, रोज दोन तास देऊ शकते. थेट रिॲक्टने (पाने बांधायची जावास्क्रिप्ट लायब्ररी) सुरुवात केली तर चालेल? – एक वाचक, सांगली

उत्तर : आधी दोन-तीन महिने एचटीएमएल, सीएसएस आणि साधी जावास्क्रिप्ट. त्यातही सर्व्हरकडून माहिती मागवणारे फेच नीट समजून घ्या. सर्व्हरने ४०४ किंवा ५०० दिला तरी फेच त्याला अपयश मानत नाही, चूक पकडणाऱ्या कॅचमध्ये जात नाही. रिस्पॉन्सचा ‘ओके’ स्वतः तपासावा लागतो. नंतर रिॲक्ट घ्याल तेव्हा ‘क्रिएट रिॲक्ट ॲप’ या प्रकल्प उभा करून देणाऱ्या साधनाने सुरू होणारे धडे बाजूला ठेवा, ते साधन फेब्रुवारी २०२५ मध्ये अधिकृतपणे निवृत्त झाले. त्याऐवजी वीट (Vite) हे साधन वापरा, पान ५१७३ पोर्टवर उघडेल. आणि एआयची गुप्त किल्ली (एपीआय की) ‘VITE_’ने सुरू होणाऱ्या व्हेरिएबलमध्ये कधीही ठेवू नका. ती थेट ब्राउझरपर्यंत पोचते, कोणालाही वाचता येते. किल्ली सर्व्हरवरच हवी. चुकून गिटमध्ये (कोडच्या बदलांचा इतिहास ठेवणारे साधन) गेली असेल तर फाइल पुसून भागत नाही, इतिहासात ती राहते. किल्ली रद्द करून नवी घ्या.

प्रश्न : अर्काइव्हवर (arXiv, शोधनिबंधांचे खुले संकेतस्थळ) रोज एआयचे एवढे निबंध येतात की वाचायचे काय तेच कळत नाही. – एक वाचक, पुणे

उत्तर : आठवड्याला एक, पण पूर्ण. सोमवार ते शुक्रवार फक्त मथळे आणि सारांश चाळा, रोज दहा मिनिटे. शनिवारी एक निवडून आकृत्या, तक्ते, मग पद्धत असे वाचा, आणि त्यातले एक गणित वहीत करा. २०१७ च्या ट्रान्सफॉर्मर निबंधापासून सुरुवात करावी, आजच्या भाषा-मॉडेलांची रचना त्यातूनच आली. त्यात एका शब्दाचा दुसऱ्याशी किती संबंध आहे हे दोघांच्या आकड्यांच्या याद्यांचा गुणाकार करून मोजतात. तो ८ ने का भागला आहे? हे मोजणाऱ्या प्रत्येक भागाला हेड म्हणतात, आणि एका हेडची मिती, म्हणजे यादीतल्या आकड्यांची संख्या, ६४. सरासरी शून्य आणि प्रसरण १ असलेल्या ६४ स्वतंत्र जोड्यांचे गुणाकार मिळवले की बेरजेचे प्रसरण ६४ होते. ६४ चे वर्गमूळ ८, त्याने भागले की प्रसरण पुन्हा १. न भागल्यास सॉफ्टमॅक्स (गुणांची १०० टक्क्यांत वाटणी करणारे सूत्र) एकाच शब्दावर जवळजवळ सगळे वजन टाकतो आणि शिकणे अडते. हे एकदा हाताने केले की पुढचे अनेक निबंध सोपे जातात.

अर्काइव्हवरचा निबंध तज्ज्ञांनी तपासलेला असतोच असे नाही. आयसीएलआर या मशीन लर्निंगच्या परिषदेला दिलेला असेल तर ओपनरिव्ह्यू या संकेतस्थळावर परीक्षकांचे आक्षेप आणि लेखकांची उत्तरे वाचायला मिळतात, ती आधी वाचा. मॉडेल ‘बहुभाषक’ म्हटले असेल तर तक्त्यात मराठीची ओळ शोधा. नुसती हिंदी असेल, तर तो दावा मराठीपर्यंत पोचत नाही.