एक्सलचा ‘टक्’ आवाज आणि कार्डाचा ‘मिनिमम ड्यू’

पत्र: वय ३९, नाशिक, खासगी नोकरी, महिन्याला हातात ५८ हजार. पत्नी घर सांभाळते, मुलं ११ आणि ६ वर्षांची. २०१५ ची पेट्रोल हॅचबॅक आहे, ९२ हजार किलोमीटर झालेत. फेब्रुवारीत पुढच्या डाव्या चाकाचं बेअरिंग बदललं. त्यानंतर महिनाभरात त्याच चाकातून आवाज यायला लागला. सकाळी गाडी काढली की एकदाच ‘टक्’, मग गप्प. रिव्हर्स घेतली की पुन्हा एकदा. सर्व्हिस सेंटरने दोन्ही एक्सल बदलायला सांगितलेत, ३४ हजार. शोरूमवाला म्हणतो, जुनीचे २.४ लाख देतो, साडेनऊ लाखांची नवी घ्या, उरलेल्याचं सात वर्षांचं लोन करून देतो. दुरुस्ती करू की गाडी बदलू? पुढच्या महिन्यात २०२० ला घेतलेल्या आयुर्विमा पॉलिसीचा ९० हजारांचा वार्षिक हप्ता आहे म्हणून रोख नाही. क्रेडिट कार्डावर आधीचे ६२ हजार थकलेत, पण मिनिमम ड्यू, म्हणजे बिलातली किमान भरायची रक्कम, वेळेवर भरतो. दुरुस्तीही कार्डावर टाकू का? पॉलिसीचे २०४० ला ४० लाख येणार असल्याने पुढची काळजी नाही.

नमस्कार. गाडी बदलू नका, आणि ३४ हजारांचं कामही अजून करू नका. तुम्ही लिहिलेला आवाज झिजलेल्या जॉइंटचा वाटत नाही.

गॅरेजमध्ये ज्याला एक्सल म्हणतात तो गिअरबॉक्सपासून पुढच्या चाकापर्यंत जाणारा ड्राइव्ह शाफ्ट. चाकाकडच्या टोकाला, चाक वळलेलं असतानाही जोर पोचवणारा सीव्ही जॉइंट असतो, आत सहा गोळ्या आणि काळं ग्रीस, वरून रबरी आवरण, म्हणजे बूट. बूट फाटला की ग्रीस उडून जातं, धूळ-पाणी शिरतं, गोळ्यांच्या खोबणी झिजतात. त्या झिजेचा आवाज लयीत येतो: स्टिअरिंग पूर्ण वळवून ॲक्सिलरेटर दिला की ‘कट-कट-कट’, आणि वेग वाढला की तोही भरभर. तुमचा आवाज एकदाच होतो, तोही गाडीची दिशा बदलल्यावर. शिवाय तो बेअरिंग बदलल्यानंतर सुरू झाला. पत्रात हे सहज येऊन गेलंय, पण निदानाचा धागा तिथेच आहे.

बेअरिंग बदलताना शाफ्टच्या टोकाचा मोठा हब नट काढावा लागतो. हा नट जॉइंटचा खांदा बेअरिंगच्या आतल्या कड्यावर घट्ट ओढून धरतो. नट हवा तेवढा कसलेला नसला, किंवा ती बसायची जागा कोरडी-गंजलेली असली, तर इंजिनाचा जोर पुढे किंवा मागे पडताच खांदा कड्यावर केसभर सरकतो. तोच ‘टक्’. जोर त्याच दिशेने राहिला की तो पुन्हा सरकत नाही, म्हणून पुढे शांतता. बऱ्याच गाड्यांत या नटाची कड शाफ्टच्या खाचेत ठोकून बसवतात आणि तो एकदाच वापरायचा असतो. प्रत्यक्षात जुनाच नट इम्पॅक्ट गनने अंदाजाने कसला जातो.

मेकॅनिककडे जाण्याआधी मोकळ्या मैदानात दहा मिनिटं घालवा. खिडक्या उघड्या ठेवून पहिल्या गिअरमध्ये स्टिअरिंग पूर्ण डावीकडे, हलका ॲक्सिलरेटर, दोन गोल चकरा. मग उजवीकडे. लयीतली कट-कट नसेल तर जॉइंटवरचा संशय जवळजवळ मिटला. मग सरळ पुढे-मागे घ्या आणि आवाज नेमका कधी होतो ते ऐका. क्लच सोडून गाडी जोर घेताना झाला तर हब नट. ब्रेक दाबताना झाला तर ब्रेक पॅड आपल्या जागेत सरकताहेत, काम क्लिपांचं आहे. उभ्या गाडीत नुसतं स्टिअरिंग फिरवून आवाज येत असेल तर वर शॉकॲब्सॉर्बरच्या माउंटिंगकडे बघायला सांगा. शेवटी स्टिअरिंग पूर्ण वळवून टॉर्चने चाकामागे डोकावा. बुटाच्या घड्या सुक्या आणि अखंड हव्यात. रिमच्या आतल्या बाजूला काळ्या ग्रीसचे शिंतोडे दिसले तर बूट फाटलाय.

सगळं नटाकडे बोट दाखवत असेल तर काम असं करून घ्या. जुना नट काढायचा, शाफ्ट थोडा आत सारायचा, खांदा, कड्याची बाजू आणि दाते वायर ब्रशने साफ करायचे. त्यावर मॉलिब्डेनमच्या पेस्टचा पातळ थर द्यायचा आणि नवा नट टॉर्क रेंचने, म्हणजे किती जोराने कसलं ते दाखवणाऱ्या पान्याने, कसायचा. आकडा तुमच्या मॉडेलच्या मॅन्युअलमधून घ्या, छोट्या गाड्यांत साधारण १७५ ते २५० न्यूटन-मीटर असतो. मेकॅनिकला आकडा विचारल्यावर त्याने ‘फुल टाइट करतो’ म्हटलं तर दुसरा बघा. कमी कसला तर आवाज परत येतो, जास्त कसला तर बेअरिंगचं आयुष्य घटतं. नट ढिला असताना गाडी चाकांवर लोटू द्यायची नाही, नवं बेअरिंग तिथेच खराब होतं. नट, पेस्ट, मजुरी धरून दीड-दोन हजारांत हे व्हायला हवं. आधी बेअरिंग बसवलं त्यांच्याकडेच बिल घेऊन गेलात तर कदाचित तेही लागणार नाहीत.

समजा बूटच फाटलेला निघाला. अजून कट-कट नसेल तर जॉइंट धुऊन नवं ग्रीस आणि बूट किट, मजुरीसह दोन-अडीच हजार. किटसोबतची ग्रीसची पुडी पूर्ण वापरायची, डब्यातलं पिवळं चासीचं ग्रीस इथे चालत नाही. कट-कट सुरू झालेली असेल तर ग्रीसने झीज भरून येत नाही, त्या बाजूचा बाहेरचा जॉइंट बदलावा लागतो, साधारण पाच-सहा हजार. डावीकडचा गेला म्हणून उजवीकडचा बदलायचं काही कारण नाही.

नवी गाडी पटकन निकालात काढू. ७.१ लाखांचं लोन, साडेनऊ टक्क्यांनी सात वर्षं, हप्ता सुमारे ११,६००. एकूण व्याज अडीच लाखांवर. पगाराचा पाचवा हिस्सा सात वर्षं अडकवायचा, कशासाठी, तर एका नटासाठी? नाही.

आता तुम्ही न विचारलेल्या गोष्टी. ‘पण मिनिमम ड्यू वेळेवर भरतो’ हे वाक्य मला एक्सलपेक्षा जास्त काळजीचं वाटतं. बहुतेक कार्डांवर थकबाकीचा दर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास असतो. ६२ हजारांवर व्याज २,१७०, त्यावर १८ टक्के जीएसटी सुमारे ३९०. म्हणजे महिन्याला २,५६०. मिनिमम ड्यू पाच टक्के धरला तर तुम्ही भरता ३,१००. त्यातून मुद्दल फिटते जेमतेम ५४० रुपये. वर्षाला ३० हजार व्याजात जातात, जवळपास त्या दोन एक्सलचं बिल. आणि थकबाकी असेपर्यंत बिनव्याजी मुदत मिळत नाही, त्यामुळे कार्डावर घेतलेल्या किराणावरही पहिल्या दिवसापासून व्याज चालू आहे. मिनिमम ड्यू भरल्याने लेट फी वाचते, एवढंच. दुरुस्ती या कार्डावर टाकू नका. खरं तर हे मिटेपर्यंत कार्डावर काहीच घेऊ नका.

हे घडतंय कारण दर महिन्याला साडेसात हजार पॉलिसीसाठी बाजूला पडतात. २०२० पासून सहा हप्ते, ५.४ लाख भरलेत. ४० लाख कुठून आले तेही पाहू. विक्रीच्या वेळी दाखवायच्या तक्त्यात ४ टक्के आणि ८ टक्के असे दोन गृहीत रकाने असतात. विकणारा बोट ठेवतो ८ वर, आणि तो परताव्याचा शब्द नाही हे सांगायचं टाळतो. ४० लाख मिळायला तुमच्या हप्त्यांवर सात टक्क्यांहून जास्त सुटायला हवेत. अशा पारंपरिक पॉलिसीत पाच-साडेपाच धरा, म्हणजे ३१ ते ३३ लाख. सहा टक्के महागाईने १४ वर्षांनंतरच्या ३२ लाखांची आजची किंमत १४ लाखांच्या आसपास भरते. शिवाय मोठं मूल बारावी होईल २०३३ च्या सुमारास, आणि पैसे येणार २०४० ला. कॉलेजची फी कशातून भरणार होतात? हे पॉलिसी गळ्यात मारताना कुणी विचारलं नाही, याचा मला राग येतो.

विमा म्हणूनही ती तोकडी आहे. या हप्त्यात विमा रक्कम १८ लाखांच्या आसपास असेल, बाँडवर, म्हणजे पॉलिसीच्या मूळ कागदावर, पाहून घ्या. घरात कमावणारे तुम्ही एकटे, घरखर्च ४० हजार धरला तरी १८ लाख चार वर्षांतच संपतील.

म्हणून क्रम असा ठेवा. या आठवड्यात विमा कंपनीच्या शाखेत जा आणि पॉलिसीवर ६५ हजारांचं कर्ज घ्या. सरेंडर व्हॅल्यू, म्हणजे पॉलिसी आज मोडली तर मिळणारी रक्कम, भरलेल्या हप्त्यांच्या निम्मी, २.७ लाख, धरली तरी एवढं कर्ज आरामात बसतं. दर साधारण नऊ-दहा टक्के असतो. मूळ बाँड जमा करावा लागेल. त्यातून कार्डाची पूर्ण थकबाकी फेडा. शेवटच्या बिलानंतरचं व्याज पुढच्या बिलात येईल, तेही भरा आणि मग ‘पूर्ण रक्कम’ असा ऑटो डेबिट लावा. व्याज महिना २,५६० वरून ५०० च्या घरात येईल. पॉलिसीच्या कर्जाला सहसा मासिक हप्त्याची सक्ती नसते, लोक तिथेच फसतात. न फेडता ठेवलं तर व्याज चढत जातं आणि सरेंडर व्हॅल्यू ओलांडली की कंपनी पॉलिसीच बंद करते. तुम्ही दरमहा ५,७०० स्वतःहून भरा, वर्षात फिटेल.

त्याच आठवड्यात ६० वर्षांपर्यंतच्या एक कोटीच्या टर्म विम्याचा, म्हणजे फक्त मृत्यू झाल्यास पैसे देणाऱ्या विम्याचा, अर्ज करा. तब्येत ठीक असेल आणि तंबाखू नसेल तर वर्षाला १५ ते २० हजार. सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विम्यावर जीएसटी नाही. अर्जात काहीही लपवू नका, जुना रक्तदाबसुद्धा.

टर्म पॉलिसी हातात आल्यावर जुनीचे हप्ते थांबवा, आधी नाही. आधी थांबवलेत तर दोन्हीकडून उघडे पडाल. वार्षिक हप्ता तारखेनंतर ३० दिवसांपर्यंत भरता येतो. टर्मला उशीर होतोय किंवा नकार आला, असं दिसलं तर यंदाचा ९० हजारांचा हप्ता भरून टाका, त्यासाठी पॉलिसीवरचंच कर्ज वाढवावं लागलं तरी चालेल.

थांबवल्यावर सरेंडर की पेड-अप (पुढे हप्ते न भरता, कमी रकमेवर पॉलिसी मुदतीपर्यंत चालू ठेवणं), हे कुणाच्या बोलण्यावर ठरवू नका. कंपनीकडून दोन आकडे लेखी मागा: आज सरेंडर केलं तर किती, आणि पेड-अप ठेवली तर २०४० ला बोनससह किती. दुसरा आकडा पहिल्याच्या २.६ पट किंवा जास्त असेल तर सात टक्के सुटतात, पेड-अप ठेवा. कमी असेल तर सरेंडर करून कर्ज तिथेच वळतं करा. उरलेली रक्कम तातडीच्या निधीत, म्हणजे मोडता येईल अशा एफडीत ठेवा, नव्या गाडीत नाही.

९० हजारांतले १८ हजार टर्मला गेले की महिन्याला सहा हजार उरतात. पहिलं वर्ष ते पॉलिसीचं कर्ज फेडण्यात जातील. कार्डाला जाणारे ३,१०० मात्र लगेच मोकळे होतात, त्यांची आरडी लावा. वर्षाला ३७ हजार जमतील आणि पुढचा टायर, क्लच किंवा खरोखर गेलेला एक्सल त्यातून निघेल. पेड-अप ठेवलीत तर दुसऱ्या वर्षापासून ते सहा हजारही आधी दोन लाखांच्या निधीला, आणि तो भरल्यावर २०३३ च्या शिक्षणाला.

बाँडवरची हप्त्याची तारीख आज काढून ठेवा आणि तीत ३० दिवस मिळवा. टर्मची वैद्यकीय तपासणी त्याच्या आत उरकायची आहे. गाडी शनिवारी न्या, जाताना बेअरिंगचं बिल सोबत असू द्या.