मुलांना शाळेत न घालता घरी शिकवायचं आम्ही का ठरवलं?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत: आम्ही मुलांना घरी का शिकवतो, आणि तुमच्या सहा वर्षांच्या मुलीला पहिलीत घालायच्या ऐवजी घरी शिकवावं का. पहिल्या प्रश्नाचं उत्तर सविस्तर देते, दुसऱ्याचं शेवटी.

आम्ही कोल्हापूरचे. मी काही वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. नवऱ्याचं उद्यमनगरात छोटं मशीन शॉप आहे. मुलगी दुसरीपर्यंत शाळेत गेली, तिचा धाकटा भाऊ शाळेत गेलाच नाही. शाळेवर राग म्हणून हे केलेलं नाही. माझे सासरे जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले, आमच्या घरातली भाकरी शाळेनेच दिली आहे.

सगळ्यात मोठं कारण भाषेचं. मुलगी ज्या इंग्रजी माध्यमाच्या शाळेत होती तिथे वर्गात मराठी बोललं की वहीत शेरा यायचा. तिला बाष्पीभवनाची व्याख्या इंग्रजीतून घडाघडा पाठ होती. पावसाळ्यात दोरीवरचे कपडे लवकर का वाळत नाहीत, असं मी विचारलं तर म्हणाली, "आई, हे अभ्यासात नाही." मला त्याने फार अस्वस्थ केलं. चार वर्षांची असताना हीच पोर दिवसभर "का, का" करत मागे फिरायची. कुतूहल संपलं नव्हतं, पण शाळेचा अभ्यास आणि आपले प्रश्न या दोन वेगळ्या गोष्टी आहेत असं तिने ठरवून टाकलं होतं. ज्या भाषेत ती विचार करायची त्या भाषेला वर्गात जागा नव्हती, आणि जी वर्गात चालायची त्या भाषेत तिला प्रश्न विचारता येत नव्हता.

मग मराठी शाळेत का नाही घातलं, असं तुम्ही विचाराल. आम्ही चौकशी केली होती. आसपासच्या बऱ्याच मराठी शाळांत आता सेमी-इंग्रजी आहे, म्हणजे गणित आणि विज्ञान इंग्रजीतूनच. आणि मला नेमकं तेच मराठीतून व्हायला हवं होतं.

दुसरं कारण वेळेचं. पस्तीस मिनिटांच्या तासिकेत मी जे अनुभवलं ते कोणत्याही शिक्षकाला विचारा. एखाद्या पोराच्या डोळ्यांत कळू लागल्याची चमक येते, त्याला आणखी दहा मिनिटं हवी असतात, आणि बेल होते. पन्नास पोरांच्या वर्गात ती दहा मिनिटं देता येत नाहीत. यात शिक्षकाचा दोष नाही. कायद्याने पहिली ते पाचवीसाठी तीस मुलांमागे एक शिक्षक असं प्रमाण सांगितलं आहे, तेवढंही सगळीकडे मिळालं तर खूप होईल.

एक उदाहरण देते, म्हणजे मी कशाबद्दल बोलते आहे ते कळेल. आमच्या माहेरच्या गावाजवळ गुऱ्हाळ आहे. हंगामात मुलं तिथे रमतात. काहिलीत रस उकळत असतो, रानभेंडीचं पाणी घातलं की मळी वर येते, ती झाऱ्याने काढतात. गुळव्या तापमापक वापरत नाही. पाकाचा थेंब गार पाण्यात टाकतो आणि बोटांनी गोळी दाबून बघतो. मुलीने हट्टाने तापमापक नेला. शंभरच्या पुढे पारा गेल्यावर तिला पटेना, कारण पाणी शंभर अंशाला उकळतं असं ती शिकली होती. गूळ उतरवायची वेळ येईतो आकडा ११८ च्या आसपास गेला. पुढचे कित्येक दिवस घरात हाच विषय होता. साखर विरघळलेलं पाणी उशिरा उकळतं, आणि पाणी जसजसं उडून जातं तसतसा पाक घट्ट होत तापमान चढत राहतं, हे तिने मीठ आणि साखर घेऊन स्वयंपाकघरात स्वतः तपासलं. मग एक टन उसातून साधारण शंभर ते सव्वाशे किलोच गूळ का निघतो, बाकीचं कुठे गेलं, याचं गणित मांडलं. त्यातून चिपाड, शेकडेवारी, चुलाण्यातलं जळण आणि बाजार समितीतला गुळाचा भाव, असं एकातून एक निघत गेलं. हे सगळं मराठीत, तिच्या शब्दांत. इंग्रजी शब्द नंतर आले आणि विनासायास आले.

मुलाचं वेगळं. त्याला वाचायला उशीर लागला. आठवं सरलं तरी जोडाक्षरांवर अडखळायचा. शाळेत असता तर 'कच्चा' ठरला असता, आणि तो शिक्का पुसायला वर्षं लागतात हे मी वर्गात बघितलं आहे. घरी आम्ही त्याला वाचून दाखवत राहिलो, घाई केली नाही. दशांश चिन्ह तो वडिलांच्या वर्कशॉपमध्ये व्हर्नियर कॅलिपरवर शिकला, मिलिमीटरचा पन्नासावा भाग म्हणजे किती ते हातात धरून. वाचन त्याच्या वेळेला आलं. आता करवीर नगर वाचन मंदिरातून आणलेली पुस्तकं संपत नाहीत तोवर जेवायला उठत नाही.

सासऱ्यांचा विरोध मात्र साधा नव्हता. ते म्हणाले, "सूनबाई, पोरांना शाळेत न घालणाऱ्या बापाला ज्या गावात महाराजांनी दंड लावला, त्या गावात आपल्या घरातली पोरं शाळेबाहेर?" राजर्षी शाहूंनी १९१७ मध्ये करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, आणि मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला. त्या काळी एक रुपया म्हणजे चेष्टा नव्हे. आमच्यासारख्या घरांत अक्षर आलं ते त्या सक्तीमुळे. म्हणून या आक्षेपाला मी "जमाना बदलला, आबा" असं उत्तर दिलं नाही, आणि तुम्हीही कुणाला देऊ नका. ज्या घरात मुलीला धाकट्या भावंडांना सांभाळायला बसवतात, ज्या पोराला दुपारचं पोटभर जेवण शाळेतच मिळतं, तिथे घरी शिकवण्याची भाषा म्हणजे शिक्षण काढून घेण्याची भाषा आहे. आमच्याकडे एक पगार सोडून देण्याइतकं बरं चाललं होतं आणि शिकवायला येणारं माणूस घरात होतं. ही सोय फार थोड्या घरांना आहे. माझ्या मते महाराजांची सक्ती मुलाने शिकावं यासाठी होती, आणि आमची मुलं शिकत आहेत. आबांना हे पूर्ण पटलेलं नाही. तरी रोज सकाळी मोडी आणि पाढे तेच घेतात.

शाळेतली एक गोष्ट घरी भरून निघत नाही: एका बाकावर वेगवेगळ्या जातीधर्मांची, वेगवेगळ्या ऐपतीची पोरं बसणं. याची मला खरी काळजी वाटते. कोल्हापुरात पेठेपेठेत तालमी आहेत आणि फुटबॉल आहे, संध्याकाळी दोघंही मैदानावर असतात. 'मुलं एकलकोंडी होतील' ही भीती त्यामुळे नाही. पण मैदानावरची दोस्ती आणि वर्षभर एका वर्गात बसणं यात फरक आहे, तो मी नाकारणार नाही.

कायद्याचं थोडक्यात. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, १ एप्रिल २०१० पासून लागू, वय ६ ते १४. त्याच्या कलम १० ने मुलाला जवळच्या शाळेत दाखल करण्याचं कर्तव्य पालकांवर टाकलं आहे, पण ते न केल्यास पालकाला शिक्षा किंवा दंड त्यात लिहिलेला नाही. घरच्या शिक्षणाला स्पष्ट मान्यता देणारं कलमही त्यात नाही, हे समजून घेऊनच पाऊल टाका. परीक्षेसाठी राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, म्हणजे एनआयओएस आहे. तिसरी, पाचवी आणि आठवीच्या समकक्ष स्तर आहेत. दहावीसाठी किमान वय १४, पाच विषय, नोंदणी पाच वर्षं चालते आणि त्यात नऊ संधी मिळतात. मराठी माध्यमही आहे, आमच्यासाठी ते निर्णायक ठरलं. राज्य मंडळाची दहावी शाळेत न जाता बाहेरून द्यायची तर त्यासाठी १७ नंबरचा फॉर्म भरतात.

आणि मुंबईच्या मालविका जोशीची बातमी तुम्हाला कुणीतरी पाठवेलच. सातवीनंतर शाळा सोडून घरी शिकलेली ही मुलगी संगणकाच्या आंतरराष्ट्रीय ऑलिम्पियाडमधल्या पदकांवर २०१६ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीत गेली. तिचं कौतुक आहेच, पण ती अपेक्षा धरून मुलाला घरी बसवू नका. तिलाही बारावीचं प्रमाणपत्र नसल्यामुळे आयआयटीचा रस्ता बंद होता. प्रमाणपत्राचा विचार पहिल्यापासून करावा लागतो.

आता तुमच्या मुलीबद्दल. जवळच्या दोन-तीन शाळा बघा, शक्य असेल तर पहिलीच्या वर्गात मागे बसायची परवानगी मागा. मुलं बाईंना प्रश्न विचारतात का आणि कोणत्या भाषेत विचारतात, एवढंच बघा. तशी शाळा मिळाली तर मुलीला बिनधास्त पाठवा, मला मिळाली असती तर मीही पाठवलं असतं. नाही मिळाली, तर घरातल्या दोघांपैकी रोजचे चार-पाच तास कोण देणार, त्याच्या नोकरीचं काय, आणि हे किमान किती वर्षं चालवायची तयारी आहे, हे आधी ठरवा. आमची मुलगी पुढच्या वर्षी एनआयओएसची दहावी देईल. अकरावीला तिला कॉलेजात जायचं आहे, प्रयोगशाळा आणि मैत्रिणी दोन्ही हव्यात म्हणते, आणि आम्ही हो म्हटलं आहे.

सहा-सात वर्षांच्या वयात वाचन आणि गणित कसं घेतलं ते हवं असेल तर विचारा, वेगळं लिहीन.