जुनी गाडी घेतोयस? आधी खाली वाकून बघ

रत्नागिरी-मालवणकडची गाडी बघायला जाशील तेव्हा वरच्या पॉलिशला भुलू नकोस. आपल्याकडे गाडी मरते ती खालून. खाऱ्या हवेने जॅक लावायची कड, चाकांवरच्या कमानी आणि सायलेन्सर आधी गंजतात. चटई उचल आणि पत्र्यावर स्क्रूड्रायव्हरची मूठ हलकेच ठोक. आवाज बद्द आला किंवा पापुद्रा सुटला तर तिथूनच परत फिर. खालून ताजा काळा रंग मारलेला दिसला तर माझा संशय वाढतोच.

चिपळूणकडची गाडी असेल तर जुलै २०२१ च्या पुराची चौकशी केल्याशिवाय बोलणी करू नकोस रे. वाशिष्ठीच्या पाण्यात किती गाड्या बुडाल्या! सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघ, आत गाळाची रेघ राहते. डॅशबोर्डखालच्या वायरिंगच्या जोडांवर हिरवट गंज धरला असेल तर ती गाडी आयुष्यभर छळेल.

इंजिन थंड असतानाच चालू करायला सांग. मालकाने आधीच गरम करून ठेवलं असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी जा. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय.

आणि नवीच घेतलीस तर पहिले १००० किलोमीटर जपून चालव. हायवेला एकाच वेगात तासभर रेटू नकोस, वेग कमी-जास्त करत राहा. कुंभार्ली घाट चढताना गाडी कण्हायला लागली की लगेच खालचा गिअर टाक.