जूनमध्ये दिव्यावर आदळणारे तपकिरी भुंगेरे काय खातात? कुंडीतली झाडं तेच मारतात का?

चावतात का, हेही तुम्ही विचारलंय, तर आधी तेच सांगतो. चावत नाहीत. हातात धरल्यावर टोचतात ते पायांवरचे काटे. मी पहिल्यांदा एकाला मुठीत धरलं तेव्हा बोटांच्या फटीतून बाहेर पडायला त्यानं लावलेला जोर बघून थक्क झालो. माती उकरणारे पाय ते! जरा शांत झाल्यावर त्यानं मिशांची टोकं उघडली, पत्त्यांच्या पंख्यासारखी. वास घ्यायचं साधन ते.

दिव्यापाशी तो जेवायला येत नाही, उजेडानं भरकटतो. उडताना वरचे कडक पंख नुसते उघडे धरतो, काम करतात ते आतले पातळ पंख. चपळाईनं वळणं काही जमत नाही, म्हणून भिंतीवर टकरा. जेवण झाडावर. अमेरिकेतले जून बीटल ओकची पानं खातात, आपल्याकडचे, म्हणजे हुमणी नावाच्या अळीपासून होणारे भुंगेरे कडुनिंब, बाभूळ, बोर यांची. अमेरिकेतल्या प्रजातीचं फायलोफॅगा हे नावच मुळी 'पानं खाणारा' या अर्थाचं आहे. जोडीही त्याच झाडावर जमते आणि उजाडायच्या आत सगळे परत मातीत. सकाळी पानं कुरतडलेली दिसतात, पण खाणारा सापडत नाही तो यामुळे. रात्री टॉर्च घेऊन बघा.

कुंडीचं म्हणाल तर घर बरोबर ओळखलंत, आरोपी चुकला. मादी मातीत अंडी घालते, त्यातून निघणारी अळी म्हणजे हुमणी. लहान असताना कुजलेला पाला आणि बारीक मुळं, मोठी झाली की जाड मुळंही. भुंगेरा काही आठवडे जगतो. अळी मात्र कित्येक महिने, आणि अमेरिकेतल्या काही जातींत दोन-तीन वर्षंसुद्धा, जमिनीखाली खातच असते. खरं नुकसान तिथं होतं. त्यामुळे दिव्याखालचे दहा-वीस भुंगेरे मारून कुंडी वाचेलच असं नाही.

पाणी घालूनही रोप मान टाकत असेल तर हलकेच वर ओढा. मुळांशिवाय सहज हातात आलं तर कुंडी पालथी करा. पांढरट, अर्धचंद्रासारखी वळलेली, तपकिरी डोक्याची अळी मिळेल. शेपटाकडची कातडी इतकी पातळ असते की आतली माती काळसर दिसते. पाय मोजा, पुढच्या बाजूला सहा असतील. पायच नसतील तर ती हुमणी नव्हे.